उपकेंद्रातल्या मोबाइलवरचा धडा : मदत कुठून मिळते?

घोणस किंवा फुरसे चावले की माणसाच्या रक्ताची गोठण्याची ताकद विषामुळे संपत जाते. ती संपली आहे का, हे ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. शिरेतून दोन मिलिलिटर ताजे रक्त घ्यायचे, स्वच्छ आणि कोरड्या काचेच्या नळीत सोडायचे, नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटे तिला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी ती एकदाच अलगद तिरकी करायची. रक्त थिजलेले असेल तर त्या घडीला तरी विषाचा रक्तावर परिणाम दिसत नाही. ते वाहिले, तर सर्पविषावरचे औषध, म्हणजे एएसव्ही, सुरू करायला उशीर करायचा नाही.

तपासणी सोपी आहे, पण तिच्यात चुकायच्या जागा बऱ्याच आहेत. नळी प्लास्टिकची असली की निकाल फसवा येतो. काचेची नळी साबणाने किंवा डिटर्जंटने धुतलेली असली तरी तेच. घाई झाली म्हणून मध्येच नळी हलवून बघितली की सगळे पुन्हा करावे लागते. पहिला निकाल चांगला आला म्हणून रुग्णाला घरी पाठवायचे नसते, तपासणी ठरावीक वेळाने पुन्हा करायची असते. शिवाय नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर जाते. तिथे ही नळी काहीच सांगत नाही. तिथे रुग्णाच्या जड होणाऱ्या पापण्यांकडे लक्ष ठेवावे लागते. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, दंशाची खूणही कित्येकदा धड दिसत नाही, आणि पहाटे पोटात दुखते म्हणून त्याला दवाखान्यात आणले जाते.

औंढा नागनाथ तालुक्यात पावसाळा लागला, सोयाबीन आणि हळदीच्या रानात खुरपणी सुरू झाली की हे ज्ञान कोणत्याही रात्री लागू शकते. ते औंढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला असलेल्या नर्सबाईंना हवे, प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकत्याच रुजू झालेल्या डॉक्टरांना हवे. आशाताईंना नळीची गरज नाही, पण दंश झालेला हात-पाय आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये आणि रुग्णाला चालवत आणू नये, एवढे त्यांना पक्के ठाऊक हवे. हे सगळे शिकवायची आजची पद्धत म्हणजे प्रशिक्षणाचा एक दिवस. हिंगोली पंचवीसेक किलोमीटरवर आहे, छत्रपती संभाजीनगरचे आरोग्य व कुटुंब कल्याण प्रशिक्षण केंद्र पार दोनशेच्या घरात. प्रशिक्षण जानेवारीत होते, साप जुलैत चावतो, आणि मधल्या काळात शिकलेल्या सिस्टरची बदली झालेली असते.

अशा ठिकाणी मोबाइलवरच्या छोट्या धड्याला अर्थ येतो. प्रशिक्षणाला तो पर्याय नाही; सलाईन लावणे, बाळाला श्वास देणे या गोष्टी हात धरूनच शिकाव्या लागतात. पण आठवण ताजी करायला, नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात तयार करायला आणि बदललेला उपचार सगळ्यांपर्यंत एकदम पोचवायला चार-पाच मिनिटांचा नीट बनवलेला धडा फार उपयोगी पडतो. असे काही करावे ही इच्छा तालुक्यातल्या अनेक डॉक्टरांना, सामाजिक संस्थांना, शिक्षकांना असते. गाडी अडते ती मदत कुणाकडे मागायची इथे. माझे म्हणणे असे की मदत आहे, बऱ्यापैकी जवळही आहे. पण ती एका दारात मिळत नाही, आणि मोघम मागितली तर कुठेच मिळत नाही.

पहिले काम म्हणजे आधीच काय तयार आहे ते बघणे. एप्रिल 2020 मध्ये, कोविडच्या सुरुवातीलाच, केंद्र सरकारने दीक्षा या शालेय शिक्षणासाठी उभारलेल्या व्यासपीठावर आयगॉट नावाने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी धडे सुरू केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मिशन कर्मयोगीला मंजुरी मिळाली, आणि आज आयगॉट कर्मयोगी हे सरकारी कर्मचाऱ्यांचे मोठे शिक्षण-व्यासपीठ आहे. आरोग्य मंत्रालयाचे ‘सक्षम’ नावाचे पोर्टल आहे. ते दिल्लीची राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था चालवते. तिथे डॉक्टर, परिचारिका आणि इतरांसाठी भरपूर अभ्यासक्रम आहेत. मराठीत हवे असेल तर डॉ. श्याम अष्टेकर यांनी वर्षानुवर्षे उभे केलेले ‘आरोग्यविद्या’चे साहित्य आहे, साध्या भाषेतले आणि ग्रामीण कार्यकर्त्याला समोर ठेवून लिहिलेले. हे सगळे चाळल्याशिवाय नवा धडा बनवायला बसू नये. चांगला धडा आधीच असेल तर तो लोकांपर्यंत पोचवणे हेच खरे काम उरते.

सरकारी पोर्टलवरचे बरेच अभ्यासक्रम मात्र इंग्रजीत किंवा हिंदीत असतात, लांब असतात, आणि चांगली रेंज गृहीत धरून बनवलेले असतात. शिकणारा कोण आहे हे आधी ठरवून शिकवण्याची जी उदाहरणे महाराष्ट्रात आहेत, ती मला जास्त मोलाची वाटतात, आणि ती इंटरनेटच्या आधीची आहेत.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले. त्यांनी निरक्षर बायकांना ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले, एकाच वेळी सगळे शिकवून नव्हे, तर पुन्हा पुन्हा जामखेडला बोलावून, गावात आलेल्या अनुभवावर बोलून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ स्थापन केली. बालकांचा न्यूमोनिया ओळखायचा तर श्वास मोजावे लागतात, आणि ज्या सुईणींना हे करायचे होते त्यांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. तेव्हा त्यांच्यासाठी एक साधे यंत्र बनवले गेले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. शाळेत न गेलेल्या बाईला वैद्यकीय निदान करता येऊ लागले, कारण शिकवणाऱ्यांनी आपले ज्ञान तिच्या हाताला जमेल अशा रूपात आणले. पुढे 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला, त्याचा अहवाल 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आज देशभरातल्या आशाताई ज्या सहाव्या आणि सातव्या मॉड्यूलमधून बाळाची काळजी शिकतात, त्यांच्या मुळाशी हा गडचिरोलीचा अनुभव आहे. मोबाइलवर धडा बनवणाऱ्याने आधी हे वाचावे, सॉफ्टवेअर नंतर निवडावे.

आता तंत्राची मदत. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा केला. केंद्राच्या शिक्षण खात्याच्या निधीतून चाललेल्या या प्रकल्पाची सुरुवात मुक्त सॉफ्टवेअर शिकवण्यापासून झाली. नंतर त्याच पद्धतीने आरोग्य आणि पोषणाचे धडे तयार झाले. त्यामागे आयआयटीच्याच ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल आहेत. आईने बाळाला कसे धरावे, बाळाने स्तन तोंडात खोलवर कसा घ्यावा, सहा महिन्यांनंतर वरच्या आहारात काय द्यावे, असे विषय. ‘बाळाला अंगावर पाजा’ हे तर प्रत्येक भिंतीवर लिहिलेले असते. कसे पाजायचे हे क्वचितच कुणी दाखवते. या धड्यांत आईचा कोणता हात कुठे, बाळाची हनुवटी कुठे, नाक कुठे, हे सावकाश दाखवले आहे. धडे मराठीत आहेत आणि फुकट आहेत.

या प्रकल्पाची काम करण्याची रीत तर जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. आधी पूर्ण संहिता कागदावर लिहितात. एका रकान्यात पडद्यावर काय दिसेल ते, शेजारच्या रकान्यात त्या वेळी काय ऐकू येईल ते. मग ज्याला त्या विषयातले काही येत नाही अशा माणसाला ती देतात आणि त्याला कुठे अडखळायला होते ते बघतात. त्यानंतर ध्वनिमुद्रण. दुसऱ्या भाषेत न्यायचे असेल तर चित्र तेच राहते. प्रत्येक वाक्याची वेळ लिहिलेली असते, त्या वेळेत बसेल असे वाक्य रचायचे आणि फक्त आवाज बदलायचा. धडा साधारण दहा मिनिटांत संपतो. यासाठी लागणारी ऑडॅसिटी, ओबीएस यांसारखी साधने मोफत आहेत. अभ्यासक्रम, चाचण्या आणि कोणी काय पूर्ण केले याची नोंद ठेवायची असेल तर मूडल आहे, तेही मोफत आणि मराठी चालणारे. पण तालुक्यापुरत्या पाच-सहा धड्यांना मूडलची गरज नाही. मेमरी कार्डावर किंवा व्हॉट्सॲपवर जाणारी छोटी फाइल आणि शेवटी पाच प्रश्न, एवढ्यावर सुरुवात होते.

आणि स्मार्टफोन नसेल, रेंज नसेल तर? तिथे नुसता आवाज चालतो. 2012 मध्ये बिहारमध्ये बीबीसी मीडिया ॲक्शनने ‘मोबाइल अकादमी’ सुरू केली. आशा कार्यकर्तीने साध्या फोनवरून एक क्रमांक लावायचा, ‘डॉ. अनिता’ या पात्राच्या आवाजात धडा ऐकायचा, बटण दाबून प्रश्नांची उत्तरे द्यायची, फोन कट झाला तर पुढच्या वेळी तिथूनच पुढे सुरू करायचे. अभ्यासक्रम 240 मिनिटांचा. 2016 मध्ये केंद्राने तो आणि गरोदर महिलांसाठीची ‘किलकारी’ ही सेवा राष्ट्रीय पातळीवर घेतली. आज या दोन्हींमागे मुंबईची ‘अरमान’ ही संस्था आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अपर्णा हेगडे यांनी ती 2008 मध्ये स्थापन केली. 2024 मध्ये किलकारी महाराष्ट्रातही सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक याप्रमाणे 72 संदेश. आवाजातून शिकवण्याचा इतका मोठा अनुभव असलेली संस्था मुंबईत असताना मराठवाड्यात कुणी पहिल्यापासून चाचपडत बसू नये.

धडा कितीही सुंदर झाला तरी त्यातली वैद्यकीय माहिती बरोबर आहे असे सही करून सांगणारा माणूस लागतो. सगळ्यांत दुर्मीळ मदत ही आहे. पैसा एक वेळ मिळतो, व्हिडिओ काढणारी मुलेही मिळतात, पण तज्ज्ञाचे शांतपणे दिलेले दोन तास मिळत नाहीत. इथे हिंगोली जिल्ह्याची स्थिती हल्ली बदलली आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकदम दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत हिंगोलीचे एक आहे. 1999 मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला पहिल्यांदाच स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. तिथला जनवैद्यकशास्त्राचा, औषधवैद्यकशास्त्राचा विभाग हे औंढ्याच्या माणसाने ठोठावायचे पहिले दार. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय ही जुनी घरे आहेतच, आणि विंचू-सापाचे रुग्ण तिथल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाहिलेले आहेत. ग्रामीण डॉक्टरच्या ज्ञानाचे मोल किती असते हे तर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीच दाखवून दिले. मूळचे जालना जिल्ह्यातले, काम महाडला. विंचूदंशावर प्राझोसिन वापरण्याचे त्यांचे निरीक्षण 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले.

कसे शिकवावे याचे शास्त्र जाणणारे डॉक्टरही आहेत. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण विभाग असतो. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे केईएममध्ये, 2005 पासून फायमर या संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. वैद्यकीय शिक्षकांना शिक्षणशास्त्र शिकवणे हे त्याचे काम. तिथून तयार झालेले प्राध्यापक राज्यभर विखुरलेले आहेत. धड्याचा हेतू एका ओळीत कसा लिहावा, प्रश्न कसे काढावेत, हे त्यांच्याकडून शिकावे. ‘सर्पदंशाची माहिती’ हा हेतू नव्हे. ‘नर्सला वीस मिनिटांची तपासणी न चुकता करता यावी आणि निकाल वाचता यावा’ हा हेतू.

तज्ज्ञ आणि गावचा डॉक्टर यांना थेट जोडण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे ‘इको’. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांच्याकडे हिपॅटायटिस-सीच्या रुग्णांची रांग महिनोन्महिने सरकत नव्हती. 2003 मध्ये त्यांनी खेड्यातल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणायला सुरुवात केली. एका डॉक्टरने आपला रुग्ण मांडायचा, सगळ्यांनी त्यावर बोलायचे, तज्ज्ञाने वाट दाखवायची. खेड्यातल्या डॉक्टरांनी दिलेले उपचार विद्यापीठातल्या उपचारांइतकेच गुणकारी ठरले, असे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. भारतात या पद्धतीचे काम इको इंडिया करते. हिंगोलीचे महाविद्यालय, ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांनी महिन्यातून एक तास असा ठेवला, तर धड्यांचे विषय कुणाला शोधत बसावे लागणार नाहीत. ते रुग्णांच्या कहाण्यांतूनच पुढे येतील.

आवाज कुणाचा घ्यायचा, हा प्रश्न किरकोळ समजला जातो, तो तसा नाही. मराठवाड्यातल्या कार्यकर्तीला मुंबईच्या जाहिरातीतला आवाज परका वाटतो. परभणी आणि नांदेडला आकाशवाणी केंद्रे आहेत, इथल्या बोलीत सहज बोलणारे निवेदक त्यांच्याकडे आहेत. नांदेडच्या विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प लागतातच. तालुक्यातल्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. आईला दाखवायचा धडा असेल तर त्याचा गोरमाटी आवाज तांड्यावरच्याच एखाद्या शिकलेल्या मुलीने द्यावा. यंत्राने भाषांतर करून देणारी ‘भाषिणी’ ही सरकारी सेवा 2022 पासून आहे, पहिला खर्डा करायला ती कामी येते. पण औषधाच्या मात्रेचा आकडा असलेले प्रत्येक वाक्य डॉक्टरने स्वतः तपासलेच पाहिजे.

परवानगी आणि पैसा यांची वाट कागदांतून जाते. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना डावलून केलेला धडा आशाताईंच्या बैठकीत दाखवता येत नाही, म्हणून सुरुवात तिथून. पुढे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्य चिकित्सक. ग्रामीण रुग्णालय दुसऱ्यांच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे पहिल्यांच्या अखत्यारीत येतात, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही आणि अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कृती आराखड्यात, ज्याला सगळे पीआयपी म्हणतात, प्रशिक्षणासाठी तरतूद असते; जिल्ह्याने मागणी वेळेत घातली तरच ती येते. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांचा निधी असतो. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि आरोग्य व शिक्षण दोन्ही त्या यादीत आहेत. मात्र ‘ई-लर्निंग प्रकल्पासाठी साहाय्य मिळावे’ असे पत्र कुणी पुढे सरकवत नाही. कोणत्या कर्मचाऱ्यांसाठी, कोणते सहा धडे, कोण तपासणार, किती खर्च, आणि उपयोग झाला हे कशावरून कळणार, एवढे एका पानावर लिहून दिले तर अधिकारी ते वाचतात.

औंढ्याजवळ दुधाळा शिवारात लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे; एप्रिल 2023 मध्ये केंद्राने तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरींचा सर्पदंशाशी संबंध नाही. पण इतके मोठे विज्ञान ज्या तालुक्यात येते, तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे शिक्षणही त्याच आस्थेने झाले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

दोन बंधने पाळावीच लागतात. रुग्णाचे चित्रीकरण करायचे तर त्याची लेखी संमती हवी, आणि शक्य तिथे चेहरा न दाखवता काम भागवावे. दुसऱ्याचा व्हिडिओ उचलून त्यावर आपला आवाज चढवू नये; क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली दिलेले साहित्य नाव देऊन वापरता येते, बाकीच्यासाठी विचारावे. बहुतेक जण हो म्हणतात.

मग धडा पाहणार कधी? आशाताई मानधनावर आणि कामाच्या मोबदल्यावर काम करतात. सर्वेक्षण, लसीकरण, पोर्टलवर नोंदी, घरचे रांधणे, हंगामात रोजंदारी. त्यांनी रात्री आपला डेटा खर्चून धडा बघावा अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. महिन्याच्या बैठकीत गटप्रवर्तकांनी अर्धा तास त्यासाठीच राखून ठेवावा, धडा सर्वांनी मिळून बघावा, आणि तो वेळ कामाचा वेळ म्हणून मोजला जावा. डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी टिकवायला पाच वर्षांत तीस गुण जमवावे लागतात. परिचारिकांनाही निरंतर शिक्षणाचे तास लागतात. धड्याला असे गुण जोडून मिळाले तर तो पाहिला जातो. या मान्यतेसाठी वैद्यकीय महाविद्यालयाची साथ लागते, आणि हेही तिथे पहिल्याच भेटीत बोलून घ्यावे.

धडा तयार झाला म्हणून काम संपत नाही. उपचार बदलतात. मार्च 2024 मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याच्या उद्दिष्टाने. त्यातून नव्या सूचना येत राहणार. म्हणून प्रत्येक धड्याच्या पहिल्या चौकटीत तो कधी तपासला आणि पुन्हा कधी तपासायचा, या दोन तारखा हव्यात. मूळ संहिता आणि फाइली एखाद्या उत्साही डॉक्टरच्या लॅपटॉपवर राहू नयेत, त्यांची एक प्रत तालुका आरोग्य कार्यालयात आणि एक वैद्यकीय महाविद्यालयात असावी. तपासण्याची जबाबदारीही व्यक्तीच्या नावाने लिहू नये, पदाच्या नावाने लिहावी. डॉक्टरांची बदली दर दोन-तीन वर्षांनी होणारच आहे.